नोंदणी-विवाहांतील वचनाचे पाठ

जुन्या दप्तरांत विवाहाचे कागद हातीं आले म्हणजे याद्या, मानपान, देण्याघेण्याचे आंकडे यांकडे संग्राहकांचें लक्ष आधीं जातें. ज्या शब्दांनीं विवाह पुरा होतो ते शब्द मात्र उपेक्षित राहतात. धर्मविधींत ते परंपरेनें ठरलेले असतात. सरकारी नोंदणीच्या विवाहांत ते कायदेकर्त्यांस निवडावे लागले. ही निवड कसकशी होत गेली, हें पाठभेदाच्या दृष्टीनें तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिला पाठ इंग्लंडांतील, १६५३ चा. राजसत्ता उलथल्यावर तेथील पार्लमेंटानें विवाह लावण्याचें काम पाद्र्यांकडून काढून जस्टिस ऑफ दि पीस या अंमलदाराकडे दिलें. वरानें वधूचा हात धरून, अंतःकरणें जाणणाऱ्या ईश्वरासमक्ष तिचा स्वीकार करावा आणि प्रेमळ व एकनिष्ठ पति होण्याचें वचन द्यावें. वधूनेंही तसेंच म्हणावें. मात्र तिच्या वचनांत ‘आज्ञाधारक’ हें विशेषण अधिक होतें. पाद्री गेला, ईश्वर राहिला, आणि आज्ञापालन एकट्या वधूच्या वांट्यास आलें.

दुसरा पाठ १८३६ च्या इंग्लंडांतील कायद्याचा. यांत ईश्वर, प्रेम व आज्ञा हीं तिन्ही गळालीं. विवाहास कायदेशीर अडचण माहीत नाहीं असें दोघांनीं सांगावें व उपस्थितांस साक्षी करून परस्परांचा स्वीकार करावा, एवढेंच उरलें. स्त्रीपुरुषांचे शब्द येथें सारखे झाले.

तिसरा पाठ हिंदुस्थानांतील १८७२ च्या तिसऱ्या कायद्याचा. रजिस्ट्रार व तीन साक्षीदार यांच्या समक्ष ‘मी अमुक, तुझा माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतों’ असें वरानें व त्याच धर्तीवर वधूनें म्हणावयाचें. बाकी विधि कोणताही चाले. वाक्य निरुपद्रवी दिसतें. खरा कांटा त्याच्या आधीं सही करावयाच्या प्रतिज्ञालेखांत होता. आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदु, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकीं कोणताही धर्म मानीत नाहीं, असें दोघांनाही लिहून द्यावें लागे. केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांस आपल्या विवाहांना कायद्याचा आधार हवा होता. आदि ब्राह्मसमाज तर आपण हिंदूच आहों असें म्हणे. या वादांतून हा नकारार्थी मजकूर निघाला. धर्म न सोडतां असा विवाह करूं इच्छिणाऱ्यानें एक तर खोटें लिहावें, नाहीं तर बेत सोडावा, अशी ही अवस्था होती. १९२३ मध्यें डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांतील विवाहापुरती यांतून सुटका मिळाली. पण अशा विवाहानें एकत्र कुटुंबाशीं असलेला संबंध तुटे.

येथें एक महाराष्ट्रीय पाठ ताडून पाहण्यासारखा आहे. जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक विवाहासाठीं रचिलेलीं मंगलाष्टकें १८८७ मध्यें प्रसिद्ध झालीं. हा पाठ कायद्याचा नव्हे, समाजाचा. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी बोलून दाखविते व वराकडून वचन घेते. कायद्याच्या पाठांत समता आली ती अधिकउणें कांहींच न बोलल्यामुळें. फुल्यांच्या पाठांत ती मागून घेतलेली आहे.

चौथा पाठ स्वतंत्र भारताच्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. वाक्य जुनेंच ठेविलें. मात्र तें वधूवरांस समजणाऱ्या कोणत्याही भाषेंत म्हणण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली, आणि धर्म नाकारण्याची अट सर्वांपुरतीच काढून टाकली.

चारही पाठ जुळवून पाहतां असें दिसतें कीं सक्तीचे शब्द उत्तरोत्तर कमी झाले व स्वेच्छेच्या शब्दांस जागा वाढली. परंतु सरकारी दाखल्यांत विवाह झाल्याची नोंद असते. त्या सक्तीच्या वाक्यापलीकडे वधूवर आणखी काय बोललीं हें त्यांत नसतें. कोणीं मराठींत वचनें रचून म्हटलीं असतील, तर त्यांचे कागद घरोघरच्या पेट्यांतच सांपडावयाचे. जुन्या याद्यांइतक्याच आस्थेनें संग्राहकांनीं ते जतन करावे. ते नष्ट झाले तर विवाहांच्या तारखा तेवढ्या उरतील, त्यांमागचे विचार उरणार नाहींत.