हद्दीवरची रुजुवात

बऱ्हाणपुराहून थाळनेर-नंदुरबारमार्गे सुरतेस जाणारी खानदेशातील जुनी वाट मोगल अमदानीत व्यापाराइतकीच राहदारीच्या, म्हणजे वाटेवरच्या जकातीच्या, जाचासाठीही ठाऊक होती. कापडाचे गठ्ठे लादून निघालेल्या तांड्याला ठिकठिकाणच्या चौक्यांवर थांबून आपण कोण, माल कोणाचा, तो कोठे चालला आणि पुढे जाण्याचे दस्तक जवळ आहे की नाही, याचा जबाब द्यावा लागे. आणि चौकीवरचा कारकून आपल्या मर्जीने नव्हे, तर निदान कागदोपत्री तरी वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे त्याला वाट मोकळी करून देई. औरंगजेबाने राहदारी माफ केल्याचे फर्मान काढले, तरी चौक्या काही उठल्या नाहीत, असे त्या काळचे इतिहासलेखकच सांगतात.

आज त्याच मुलखात, धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात, आग्रा रोड आणि ताप्ती खोऱ्यातील रेल्वे ज्या गावी एकमेकांस भेटतात त्या नरडाण्यात, औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून घराकडे निघालेला एखादा कामगार सुरतेस, उधन्याच्या मागांवर राबणाऱ्या भावाला मोबाईलवरून ‘कसा शे भाऊ?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या त्या तीन अहिराणी शब्दांनाही एक चौकी ओलांडावी लागते. नरडाणे महाराष्ट्र-गोवा या दूरसंचार मंडळात आणि सुरत गुजरातच्या मंडळात, म्हणून ही चौकी असते असे मात्र नव्हे. शेजारच्या सोनगीरला फोन केला तरी ती चुकत नाही. तिचे नाव सेशन बॉर्डर कंट्रोलर, बोलण्यात एसबीसी. आणि आवाजाला चांगली वाट द्यावी किंवा कसे, हे ही चौकी आपल्यामागच्या ज्या दफ्तराला विचारते, त्या दफ्तराशी बोलण्याची तिची भाषा डायमीटर. चौकी आणि भाषा निरनिराळ्या घराण्यांत जन्मल्या आणि बऱ्याच उशिरा एकत्र नांदू लागल्या, त्याची ही कुळकथा.

भाषेचा पूर्वज रॅडियस. १९९१ साली अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या विद्यापीठांनी चालविलेल्या मेरिट नेटवर्क या संस्थेपुढे असा पेच होता की, टेलिफोनच्या तारेला मोडेम लावून ठिकठिकाणांहून जाळ्यात शिरू पाहणाऱ्यांची ओळख पटविण्यासाठी प्रत्येक दाराशी निराळी वही ठेवायची, की सर्वांची नावे आणि परवलीचे शब्द एकाच मध्यवर्ती दफ्तरात ठेवून दारावरच्या यंत्रांनी तेथे विचारणा करायची. कॅलिफोर्नियातील लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने दुसऱ्या मार्गाची तजवीज करून दिली. इंटरनेटची मानके ज्या क्रमांकित कागदांतून जाहीर होतात, त्या आरएफसींमध्ये रॅडियसला जानेवारी १९९७ मध्ये जागा मिळाली. तोपर्यंत आपल्याकडेही, १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकाला इंटरनेट खुले केले होते, आणि मोडेमची किरकिर थांबली की नाव व परवलीचा शब्द मागणारी चौकट पडद्यावर उमटे, हे त्या पिढीतील वाचकांना स्मरत असेल.

रॅडियस आपल्या कामापुरता चोख होता. परंतु त्याच्या अंगच्या तीन उणिवा पुढे नडल्या. प्रत्येक माहितीच्या नोंदीचा प्रकार सांगण्यास त्याने एकच बाइट राखून ठेवला होता, त्यामुळे अडीचशेच्या आसपास प्रकार झाले की नवे नाव घालण्यास जागाच उरत नसे. तो यूडीपीवरून चाले, म्हणजे पाठविलेला निरोप पोहोचला की वाटेत गहाळ झाला, याची हमी खालचा थर देत नसे. आणि तिसरी उणीव, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अशी की त्याच्या मूळ रचनेत दफ्तराला आपण होऊन तोंड उघडण्याचा अधिकारच नव्हता. दाराने विचारावे आणि दफ्तराने होय किंवा नाही म्हणावे. एकदा आत सोडलेल्या माणसाचा परवाना मध्यंतरी रद्द झाला, तरी दफ्तराने दाराला हाक मारून तसे कळवावे, ही सोयच नव्हती. पुढे २००३ साली ती ठिगळासारखी जोडण्यात आली.

या उणिवा दूर करण्यासाठी १९९८ च्या सुमारास पॅट कॅल्हून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी रचना मांडण्यास आरंभ केला. रॅडियस म्हणजे त्रिज्या, तेव्हा तिच्या दुप्पट तो व्यास, एवढ्या शाळकरी कोटीवर तिचे नाव डायमीटर पडले. अभियंत्यांचा विनोद बहुधा भूमितीपलीकडे जात नाही. तेव्हा आणखीही उमेदवार रिंगणात होते. रॅडियसचीच सुधारलेली आवृत्ती, एसएनएमपी आणि कॉप्स यांच्याशी तिची तुलना करणारा अहवाल जून २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काम डायमीटरच्या दिशेने पुढे सरकले. सप्टेंबर २००३ मध्ये ३५८८ क्रमांकाचा आरएफसी निघाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये ६७३३ क्रमांकाच्या आरएफसीने त्याची जागा घेतली. नव्या भाषेत नोंदीच्या प्रकारासाठी एका बाइटऐवजी चार आले, निरोपांची ने-आण टीसीपी किंवा एससीटीपी या भरवशाच्या वाहनांवर सोपविली गेली, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या ‘पीअर’, म्हणजे बरोबरीच्या ठरल्या. दफ्तराला वाचा फुटली ती येथे.

चौकीचे घराणे अगदी वेगळे. इंटरनेटवरून संभाषण जुळविणारी सिप ही पद्धत मार्च १९९९ मध्ये प्रथम आणि जून २००२ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या कर्त्यांची कल्पना अशी होती की दोन टोकांनी परस्परांशी थेट बोलावे आणि मधल्या जाळ्याने केवळ वाट द्यावी. ही कल्पना कितीही सुंदर असली, तरी टेलिफोन कंपन्यांच्या व्यवहारात ती टिकण्यासारखी नव्हती; कारण घरोघरीची यंत्रे खासगी पत्त्यांच्या आडोशाला बसलेली, परक्या कंपनीकडून येणाऱ्या वाहतुकीत काय दडले आहे याचा अदमास नाही, आणि आपल्या जाळ्याची आतील मांडणी शेजाऱ्याला दाखविण्याची कोणाचीच तयारी नाही. म्हणून हद्दीवर एक यंत्र बसविण्याची रीत पडली, जे बाहेरचा संदेश स्वतःच्या नावाने घेते, तपासते, त्यातील पत्ते बदलते आणि स्वतःच्याच नावाने आत पाठविते. २००० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेली ॲक्मे पॅकेट ही कंपनी या धंद्यात नावारूपास आली आणि २०१३ साली ओरॅकलने ती विकत घेतली. मानकांच्या कैवाऱ्यांनी या यंत्राकडे बरीच वर्षे अनौरस संततीकडे पाहावे तसे पाहिले. यंत्रे सर्वत्र रुळून गेल्यावर, एप्रिल २०१० मध्ये, ती काय करतात आणि त्यामुळे सिपच्या मूळ संकल्पनेत कोठे बाध येतो, हे सांगणारा आरएफसी निघाला. व्यवहार पुढे आणि शास्त्र मागे, हा क्रम आपल्या रूढींच्या इतिहासातही सर्वत्र दिसतो.

दोन्ही घराण्यांची गाठ घातली ती मोबाईलने. मोबाईलची मानके ठरविणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने आयएमएस नावाची जी व्यवस्था आखली, तिच्यात ग्राहकाच्या फोनला सर्वप्रथम भेटणाऱ्या अधिकाऱ्याचे पद पी-सीएससीएफ. व्यवहारात अनेक ठिकाणी या पदावर एसबीसीचीच नेमणूक होते. धोरण ठरविणारे दफ्तर म्हणजे पीसीआरएफ, आणि या दोघांमधील डायमीटरच्या वाटेला आरएक्स इंटरफेस असे नाव आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने देशभर जे जाळे खुले केले, त्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची जुनी वाट मुळी नव्हतीच. प्रत्येक संभाषण व्होल्टीई पद्धतीने इंटरनेटच्याच पाकिटांतून जाणार होते. तेव्हापासून खेड्यापाड्यांतला साधा फोनही या मामल्यात ओढला गेला.

मामला असा चालतो. नरडाण्याच्या फोनने सिपचा निरोप पाठविला की एसबीसी त्यातील मजकूर वाचून, संभाषण कोणत्या दोन टोकांत व्हायचे आणि त्यास किती बँडविड्थ लागेल, हे लिहिलेला एएआर नावाचा अर्ज आरएक्सवरून दफ्तराकडे पाठविते. दफ्तर ग्राहकाचा करार पाहून आतल्या गेटवेला हुकूम सोडते. तोही दुसऱ्या एका डायमीटर इंटरफेसवरूनच. मग त्या आवाजासाठी राखीव बेअरर, म्हणजे स्वतंत्र वाट, उघडतो, ज्याची प्रत पहिल्या वर्गाची असते: त्यातील पाकिटाला होणारा विलंब १०० मिलिसेकंदांच्या आत राहावा असा दंडक आहे, तर सामान्य इंटरनेटच्या नवव्या वर्गाला ३०० ची सवलत. म्हणूनच शेजारच्या बाकावर कोणी चित्रपट पाहत असला, तरी भावाचा आवाज तुटत नाही. फोन ठेवला की एसटीआर नावाचा निरोप दफ्तराकडे जाऊन खाते बंद होते. आणि मोबाईल गाडीच्या वेगात पल्ल्याबाहेर जाऊन बेअरर मध्येच कोसळला, तर दफ्तर आपण होऊन एसबीसीला इतला देते. रॅडियसच्या मूळ रचनेत हे बसलेच नसते.

आता चौकीवर ही वाट प्रत्यक्ष कशी बसवितात, ते जवळून पाहू. ओरॅकलच्या यंत्रात ‘एक्स्टर्नल पॉलिसी सर्व्हर’ या शीर्षकाखाली काही कलमे भरावी लागतात. दफ्तराचा आयपी पत्ता आणि पोर्ट, जो डायमीटरसाठी ३८६८ असा नेमलेला आहे, ही कलमे सोपी. पुढे येतो ॲप्लिकेशन आयडी, आणि नवशिका माणूस १६७७७२३६ हा आकडा पाहून बिचकतो. त्यात गूढ काही नाही: विशिष्ट संस्थांच्या उपयोगांसाठी राखलेले आकडे दोनच्या चोविसाव्या घातापासून, म्हणजे १६७७७२१६ पासून सुरू होतात, ते पहिलेच घर आयएमएसच्या सीएक्स इंटरफेसने घेतले आणि आरएक्स त्यापुढे वीस घरांवर बसला. हा आकडा चुकला तर टीसीपीची जोडणी होते, पोर्ट उघडा दिसतो, पण दोन्ही बाजूंनी आपापली पात्रता सांगण्याच्या पहिल्याच देवाणघेवाणीत, म्हणजे २५७ क्रमांकाच्या आज्ञेत, ५०१० हा नकार येतो: आपल्यात समान असे कामच नाही. ‘लिंक आहे पण पीअर अप येत नाही’ अशी तक्रार ऐकली की जाणता अभियंता प्रथम हेच कलम उघडतो.

त्याहून फसवे कलम नावाचे. डायमीटरमध्ये प्रत्येक पक्षाने आपले नाव आणि आपला रेल्म, म्हणजे मुलूख, सांगितल्याशिवाय बोलणे सुरू होत नाही. या यंत्रात नावाला जोडण्याचा प्रत्यय स्वतंत्र कलमात असतो आणि काही न भरल्यास यंत्र आपल्या बुद्धीने ‘.कॉम’ जोडून मोकळे होते. पलीकडच्या दफ्तरात नोंद असते आयएमएसच्या लांबलचक नावाची, समोर उभा राहतो भलताच कोणी, आणि दफ्तर अनोळखी पीअर म्हणून ३०१० चा शेरा मारून परत पाठविते. पत्ता बरोबर, वाट बरोबर, माणूसही तोच. केवळ कागदावरचे नाव जुळत नाही. सरकारी कचेरीत सातबाऱ्यावरील नावासाठी फेऱ्या मारलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जोडणी झाल्यावरही दोघे परस्परांवर विसंबून राहत नाहीत. बराच वेळ काही बोलणे झाले नाही की ‘वॉचडॉग’ नावाची हाक जाते. तिचा नेमस्त अवधी ३० सेकंदांचा असून तो सहाच्या खाली आणू नये, असा नियम आहे. हाकेस ओ आली नाही, तर दफ्तर मूक झाले असे धरतात, आणि मग या सबंध मांडणीतील एकमेव खरा प्रशासकीय प्रश्न उभा राहतो: दफ्तर मूक असता चौकीने आलेल्या फोनला अडवावे की सोडावे? यंत्र याचा निर्णय स्वतः करीत नाही. ‘परमिट कॉन डाउन’ या कलमात चालू किंवा बंद, एवढे मनुष्याने लिहून ठेवायचे असते. बंद ठेवले तर दफ्तराच्या परवानगीवाचून एकही संभाषण पुढे जात नाही. चालू ठेवले तर राखीव प्रतीची हमी नसली तरी फोन लागतो.

पाचव्या पिढीच्या जाळ्यात हेच काम वेबच्या एचटीटीपी-२ पद्धतीने करण्याची योजना आहे आणि डायमीटर हळूहळू वानप्रस्थाला लागेल. पण आज व्होल्टीईवर चालणाऱ्या संभाषणांसाठी तो कामावर आहे, आणि ‘परमिट कॉन डाउन’चे कलम भरणारी माणसेही आहेत. नरडाण्यासारख्या गावातून रात्री अपरात्री ११२ वर फोन करणाऱ्याला आवाजाची प्रत थोडी खालची मिळाली तरी चालेल, पण फोन न लागणे चालणार नाही. म्हणून ही मुभा त्यांनी चालू ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.