अकरा षटकार

चिंताकी गावच्या शिवारातला हा बांध ओलांडा आणि शंभर वर्षं मागं या. वर निजामाचं राज्य, खिशात हाली रुपया. मुंबईत तो चालायचा नाही, कलदार करून घ्या आणि निघा.

1 डिसेंबर 1926. बॉम्बे जिमखान्याभोवती मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून तुम्ही झाडावर चढलात. समोरच्या क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नाही, पण आज मैदानात हिंदूंचा संघ खेळतोय. समोर इंग्लंडहून आलेला, कर्णधार गिलिगनचा एमसीसी संघ. काल त्यांच्या गाय अर्लनं आठ षटकार ठोकून 130 केल्या आणि धावफलकावर 363 लागले.

नागपूरचे सी. के. नायडू येतात. वय 31, सहा फुटांवर उंची, ताठ कणा. नीट बघा, नुसतं बळ लावणं नाही हे. पाय आधी निघतात, चेंडूचा टप्पा गाठतात, मग बॅट सरळ रेषेत वर जाते. आवाज तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर चेंडू डोक्यावरून गेलेला असतो. एक तर जिमखान्याच्या छपरावरच जाऊन आदळतो. शेजारच्या फांदीवरचा अनोळखी माणूस तुमचा खांदा गच्च धरून ओरडतोय, आणि तुम्हीही. अर्लचे आठ केव्हाच मागं पडले. दोन तासांच्या आत 153 धावा, 13 चौकार, 11 षटकार!

दोनच महिन्यांपूर्वी अमेरिकेत बेब रूथनं बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमधल्या एका सामन्यात तीन होम रन मारले होते. त्याच्यामागं एका स्वतंत्र देशाचा भरात आलेला खेळ होता. नायडूंना आधी हे सिद्ध करायचं होतं, की आम्ही तुमच्या बरोबरीनं खेळू शकतो. माझ्या लेखी त्या अकरा षटकारांचं मोल म्हणूनच जास्त. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट दिली. हिंदी क्रिकेट कसोटीच्या लायकीचं आहे, हे गिलिगनला पटलं. 1928 मध्ये भारताचं क्रिकेट मंडळ उभं राहिलं.

आता पुढं सरका. 25 जून 1932, लॉर्ड्स. भारताची पहिली कसोटी, आणि कर्णधार तेच. त्या दौऱ्यात 32 षटकार. पुढं होळकर संघाला रणजी जिंकून देणारे कर्नलही तेच, आणि वयाच्या 61 व्या वर्षीसुद्धा पॅड बांधून रणजीत उतरणारेही तेच.