नौदलाच्या विमानांच्या प्रतिकृती : किट, सुटे भाग आणि संदर्भग्रंथ

आगरदांडा (ता. मुरूड), आमच्या प्रतिनिधीकडून : दिघीला जाणारी फेरीबोट आणि जवळचा जंजिरा ही आगरदांड्याची ओळख. अशा किनारी गावात राहून विमानांच्या प्लास्टिक प्रतिकृती जोडण्याचा छंद जोपासायचा, तर ब्रशापासून डिंकापर्यंत बहुतेक सारे साहित्य टपालाने मागवावे लागते. परदेशातून आलेल्या पार्सलवर सीमाशुल्क पडते, आणि वस्तू चुकीची निघाली तर ती परत पाठवणे परवडत नाही. त्यामुळे काय विकत घ्यावे, यापेक्षा विकत घेण्यापूर्वी काय पाहावे हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. भारतीय नौदलाच्या ‘सी हॅरियर’ व ‘सी हॉक’ या दोन विमानांच्या आधारे त्याचा विचार करता येईल.

प्रथम प्रमाणाविषयी. १/७२ या प्रमाणात एका इंचात मूळ विमानाचे सहा फूट सामावतात. सुमारे साडेचौदा मीटर लांबीचे सी हॅरियर या प्रमाणात २० सेंटिमीटरचे होते, तर १/४८ या प्रमाणात ३० सेंटिमीटरचे. जागा आणि पैसा दोन्ही बेताचे असतील, तर नवशिक्याने पहिल्या प्रमाणावर समाधान मानावे. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे १/७२ प्रमाणातील, तर कायनेटिकचे १/४८ प्रमाणातील सी हॅरियर परिचित आहे.

मात्र डब्यातून निघते ते बहुधा ब्रिटिश नौदलाचे विमान. भारताने घेतलेला प्रकार ‘एफआरएस ५१’ होता. १९८३च्या डिसेंबरमध्ये पहिली विमाने गोव्यात दाबोळीला उतरली आणि २०१६च्या मे महिन्यात हा ताफा निवृत्त झाला. बाह्यतः फरक थोडा, पण जाणकाराच्या नजरेतून सुटणारा नाही. ब्रिटिश विमानांच्या पंखांखाली अमेरिकी ‘साइडवाइंडर’ क्षेपणास्त्रे असत. भारतीय विमानांवर फ्रेंच ‘मॅजिक’ असत. मॅजिकच्या नाकाजवळ पंखांच्या एकामागे एक अशा दोन जोड्या दिसतात, साइडवाइंडरला पुढे एकच. डब्यातले साइडवाइंडर लावून शेपटीवर पांढरा वाघ चिकटवला, की झाले भारतीय विमान, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. उपाय फारसा महाग नाही. मिराज विमानाच्या किटमध्ये मॅजिक क्षेपणास्त्रे अनेकदा जादा उरतात. ती एखाद्या सहछंदी मित्राकडून मिळवता येतात. पुढे काही विमानांवर इस्रायली रडार आणि ‘डर्बी’ क्षेपणास्त्रे आली. त्यामुळे आपण कोणत्या सालचे विमान बनवतो आहोत, हे आधी ठरवल्यावाचून सुटे भाग मागवू नयेत.

सुट्या भागांत रेझिनमध्ये ओतलेल्या वैमानिकाच्या खुर्च्या, पितळी पत्र्यावर रसायनाने कोरलेले सूक्ष्म भाग आणि डेकल हे तीन प्रकार मुख्य. झेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड व एअर्स या कंपन्यांचा यात दबदबा आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते यांपैकी सर्वांत मोलाचे ते डेकल. खुर्ची साधी असली तरी कॉकपिटचे झाकण बंद ठेवून निभावते. तिरंगी वर्तुळातील केशरी रंग मात्र गडद करड्या पृष्ठभागावर मळकट दिसला, तर सारे श्रम वाया जातात. म्हणून केशरी रंगाखाली पांढरा थर छापलेला आहे काय, हे पाहावे.

सी हॉकची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९७१च्या ४ डिसेंबरला ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, म्हणून या विमानाला आपल्याकडे मागणी. परंतु नौदलाच्या ताफ्यात ब्रिटनकडून घेतलेल्या विमानांबरोबरच पश्चिम जर्मनीने वापरलेलीही होती, आणि या जर्मन विमानांची उभी शेपटी अधिक उंच होती. ट्रम्पेटर कंपनी हे दोन्ही प्रकार वेगवेगळ्या डब्यांत विकते. ज्या क्रमांकाचे विमान बनवायचे त्याचे छायाचित्र हाती नसेल, तर चुकीचा डबा घरी येणार हे ठरलेले.

येथे संदर्भग्रंथांचे महत्त्व पटते. व्हाइस अ‍ॅडमिरल जी. एम. हिरानंदानी यांचा ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ हा ग्रंथ १९६५ ते १९७५ या काळातील नौदलाचा विश्वसनीय इतिहास सांगतो. हवाई दलाची विमाने बनवणाऱ्यांनी जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचे १९६५च्या हवाई युद्धावरील पुस्तक जवळ ठेवावे. ‘शार्की’ वॉर्ड यांचे फॉकलंड युद्धातील सी हॅरियरवरील आत्मकथन वाचनीय खरे, पण रिव्हेट मोजण्यासाठी त्याचा उपयोग नाही. त्यासाठी रेखाचित्रे आणि रंगपट्ट्या देणारी ‘वॉरपेंट’सारखी मालिकाच हवी.

कोकणातल्या पावसाचीही दखल घ्यावी लागते. दमट हवेत फवारलेला लॅकर पांढरट पडतो, आणि डेकलचे कागद एकमेकांस चिकटतात. डेकल सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आणि फवारणी दिवाळीनंतर करावी. तेलरंग ज्वलनशील असल्याने विमान टपालाने येत नाहीत. त्यांची खरेदी देशातच करावी.

पुस्तकांत न मिळणारा तपशील प्रत्यक्ष विमानावरच सापडतो. मुंबईत २०१२पर्यंत ‘विक्रांत’ संग्रहालयरूपाने उभी होती. २०१४मध्ये ती मोडीत निघाली आणि तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला. ‘विराट’ही पुढे अलंगच्या किनाऱ्यावर तुटली. ज्या डेकवर ही विमाने उभी राहत, तो आता पाहता येणार नाही. विमाने मात्र गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावरील नौदल हवाई संग्रहालयात आहेत. १९९८मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन पाहावयास मिळते. आगरदांड्याहून रोहा किंवा माणगाव गाठून कोकण रेल्वेने मडगावला उतरणे सोयीचे. चाकांच्या खोबणी, शेपटीचा सांधा आणि पंखांखालील आकडे या तीन जागांची छायाचित्रे न विसरता घ्यावीत. संग्रहालय सोमवारी बंद असते.