यवतमाळचे रेल्वे स्थानक : कापसासाठी आले, करारात अडकले

जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या यवतमाळ शहराला रेल्वे मिळाली ती ब्रिटिश राजवटीत. मात्र मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ज्या नॅरोगेज स्थानकातून सुटत असे, तेथून आता गाडी सुटत नाही. या स्थानकाच्या उदयास्ताचे मूळ कापूस, अरुंद रूळ आणि जुना करार या तीन गोष्टींत सापडते.

मुंबईहून निघालेला ‘जीआयपी’ रेल्वेचा मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगावमार्गे गेला आणि यवतमाळ बाजूला राहिले. वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदरात आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी जोडमार्गांची गरज होती. किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे हे मार्ग होते. मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा, तर मूर्तिजापूर-अचलपूर हा ७६ किलोमीटरचा. पुलगाव-आर्वी मार्गही याच कंपनीचा.

रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर ठेवल्याने बांधणीचा खर्च वाचला. परंतु छोट्या डब्यांतील माल मूर्तिजापूरला उतरवून मुख्य मार्गाच्या मोठ्या डब्यांत भरावा लागे. मालमोटारी कापूस थेट इच्छित स्थळी पोहोचवू लागल्या, तेव्हा हीच काटकसर मार्गाला भोवली.

मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. तरीही वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपासच राहिला. अनेक फाटकांवर गाडी थांबवून कर्मचारी खाली उतरत, फाटक लावत आणि गाडी पुढे गेल्यावर ते उघडत. कारंजा, दारव्हा परिसरातील शेतमजूर व किरकोळ विक्रेत्यांना मात्र एसटीपेक्षा स्वस्त असलेल्या या गाडीचाच आधार होता.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेची फेररचना झाली आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली. शकुंतला त्या रचनेबाहेर राहिली. मार्गाची मालकी कंपनीकडे आणि गाडी चालविण्याचे काम मध्य रेल्वेकडे, अशी विभागणी कायम राहिली. रेल्वे अजूनही इंग्रजांना भाडे देते, असा समज त्यातून रूढ झाला. प्रत्यक्षात किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हाती गेली होती. परंतु दुहेरी व्यवस्थेमुळे रूळ बदलण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मागे पडत गेला. रूळ झिजले, फेऱ्या घटल्या आणि २०१० नंतरच्या दशकात वाहतूक थांबली.

तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कार्यकाळात, २०१६ मध्ये, ब्रॉडगेज रूपांतरासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांना मान्यता मिळाली. तथापि, त्यानंतर मोठ्या रुळांची प्रत्यक्ष चाहूल लागली ती दुसऱ्याच दिशेने. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावरील वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते यवतमाळ येथे झाले.

नवा मार्ग यवतमाळला देशाच्या रेल्वेजाळ्याशी जोडणारा आहे. मात्र तो वर्ध्याकडून येतो. कारंजा-मूर्तिजापूर या पट्ट्यातील गावांना त्याचा थेट लाभ नाही. शकुंतला पुन्हा सुरू करावी, ही मागणी त्यामुळेच केवळ जुन्या आठवणींपोटी केलेली नाही.