गुन्हेगारी, हरकी आणि कलम ३५

आदिलाबादेतल्या नेरडीगोंड्याचा एखादा शेतकरी बांधाचा दावा वकील न लावता स्वतःच लढला आणि हरला, तर हुकूमनाम्याच्या तळाशी त्याच्या नावावर समोरच्याच्या वकिलाची फी चढू शकते. ही रीत इंग्रजांची, असं म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. मला ते अर्धंच पटतं. हरलेल्याकडून पैसे घ्यायची चाल दख्खनेत फार जुनी आहे. फक्त ते पैसे प्रतिपक्षाला मिळत नसत.

मराठेशाहीतल्या मनसुबीत, म्हणजे न्यायनिवाड्यात, पेशेवर वकील नव्हते. वादी-प्रतिवादी स्वतः करीना (हकिकत) मांडत, तकरीर (जबानी) देत, निकाल मान्य करू असा राजीनामा आणि जामीन आधीच देऊन ठेवत. हरलेला येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून द्यायचा आणि सरकारात ‘गुन्हेगारी’ नावाचा दंड भरायचा. आणि जिंकलेला? तोही ‘हरकी’ भरायचा! वि. त्रि. गुणे यांच्या १९५३ च्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या ग्रंथात हे वाचलं आणि मी थबकलोच. न्याय मिळाला म्हणून जिंकलेल्यानेही सरकारला द्यायचं, ही कल्पना आली कुठून?

गुन्हेगारी हा शब्द फारसी. हरकीला शेरणीही म्हणत, आणि शेरणी म्हणजे फारसी शीरीनी, मिठाई. म्हणून चालही सुलतानी अमलातली, असं कुणी म्हणेल. पण हरकी मला आपल्या ‘हरिखा’चीच लेक वाटते. त्याहून भक्कम पुरावा याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. ऋणकोकडून कर्ज वसूल करून द्यावं लागलं तर राजाने त्याच्याकडून शेकडा दहा घ्यावेत, आणि पैसे परत मिळालेल्या धनकोकडून शेकडा पाच! या स्मृतीवरची मिताक्षरा विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली, म्हणजे याच दख्खनेत. मधली शतकं मी एका उडीत ओलांडतो आहे हे खरं, पण दोन्ही पक्षांकडून घेण्याची खूण इतकी ठळक आहे की नातं मला निश्चित वाटतं. नावं बदलली, हिशेब तोच राहिला.

पैशांची दिशा मात्र इंग्रजांनी बदलली. त्यांच्याकडे १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्याने जिंकलेल्या वादीला खर्च मिळू लागला. त्यात शब्द होते ते फक्त दाव्याच्या आज्ञापत्राच्या किमतीचे. वकिलाचं बिल पुढे अर्थ ताणून आत आलं. हरलेल्या वादीवर खर्च बसवण्याचा सर्वसाधारण नियम तर १६०७ चा.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ ने तीच दिशा कायम ठेवली : खर्च निकालामागून जातो, म्हणजे हरलेल्याने द्यायचा, आणि न्यायाधीशाला तसं करायचं नसेल तर कारण लेखी द्यावं लागतं. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या आदिलाबादेत ही संहिता १ एप्रिल १९५१ ला लागू झाली.

स्वतः लढणाऱ्यावर अन्याय तो जिंकतो तेव्हाही होतो. लंडनच्या १८८४ च्या चॉर्ली खटल्यात स्वतःविरुद्धचा दावा स्वतः लढवून जिंकलेल्या सॉलिसिटरला त्याच्या कामाचा मोबदला मिळाला, कारण त्याच्या कौशल्याचं मोल ठरवता येतं. सामान्य माणसाच्या वेळेचं ठरवता येत नाही, असं न्यायालयाने मानलं. आपल्याकडे १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत आलेला आदेश २०-अ नोटीस, टायपिंग, दप्तरतपासणी, साक्षीदार आणणं यांचा खर्च धरायला वाव देतो. त्या यादीत पक्षकाराच्या बुडालेल्या मजुरीचा उल्लेख नाही. तो यायला हवा.