काळ्या पाण्यावरचा अनाम कैदी

राळेगांवापासून समुद्र कोणत्याहि दिशेनें शेंकडों मैल दूर आहे. वर्धेला आलेला श्रावणांतला पूर हेंच पुष्कळांनीं पाहिलेलें सर्वांत मोठें पाणी. तरीहि आमच्या या वऱ्हाडांत 'काळें पाणी' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडीं सहज येतो. ज्या पाण्याचें दर्शनहि झालें नाहीं, त्याची धास्ती मात्र घराच्या उंबऱ्यापर्यंत पोंचली, हा इतिहासाचाच एक चमत्कार होय. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, आणि महसुलाच्या नव्या पद्धतीबरोबर त्यांची दंडनीतिहि आली. जन्मभर समुद्रापार हद्दपारी ही त्या दंडनीतींत फांशीच्या खालोखालची शिक्षा होती.

ही कल्पना इंग्रजांनीं आमच्यासाठीं शोधून काढली होती असें मात्र नाहीं. आपल्याच देशांतील चोर, दरोडेखोर आणि क्वचित् भाकरीसाठीं हात घालणारे दरिद्री लोक त्यांनीं आधीं अमेरिकेंतील वसाहतींत धाडले. अमेरिका हातची गेल्यावर १७८७ त अकरा गलबतांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. १८६८ पर्यंत सुमारें १,६०,००० स्त्रीपुरुष तिकडे गेले. हाच कित्ता हिंदुस्थानांत गिरविला गेला. येथले कैदी बेंकुलेन, पिनांग, मॉरिशस व सिंगापूर येथें रवाना झाले. सिंगापुरांतील सेंट अँड्र्यूजचें भव्य प्रार्थनामंदिर हिंदी कैद्यांच्या श्रमांतून उभें राहिलें. मॉरिशसमध्यें रस्ते बांधणारे हिंदी कैदी डार्विननें १८३६ त पाहिले आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचें त्याला नवल वाटलें.

याच व्यवहाराची दुसरी बाजू आमच्या महाबळेश्वरीं दिसते. पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून हद्दपार केलेले चिनी व मलायी कैदी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत तेथें आणून ठेवले होते. त्यांनीं तेथें बागा केल्या व भाज्या पिकविल्या. हवा खाण्यासाठीं आम्ही ज्या डोंगरावर हौसेनें जातों, तोच त्या बिचाऱ्यांचा अंदमान होता! तेव्हां काळें पाणी हें कोणा एका बेटाचें नांव नव्हे. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडलें कीं कोणतीहि भूमि काळें पाणी होते.

सत्तावनच्या बंडानंतर १८५८ च्या मार्चमध्यें डॉक्टर वॉकर यानें २०० कैदी घेऊन अंदमानांत वसाहत घातली. जंगल तोडणें, दलदल भरून काढणें हें त्यांचें पहिलें काम. ताप, उपासमार व रानांतील मूळ रहिवाशांचे बाण यांनीं कित्येक मेले. पळून गेलेल्यांपैकीं ऐंशीहून अधिक जणांना पकडून फांशीं दिलें, तेव्हां खुद्द कलकत्त्याच्या सरकारलाहि वॉकरला आवरावें लागलें.

पुढें या वसाहतीला नियमांची चौकट आली. विसाव्या शतकाच्या आरंभीं जन्मठेपेचा कैदी आधीं सहा महिने एकट्या कोठडींत राही. नंतर दीड वर्ष तुरुंगांतच, पण इतरांबरोबर काम करी. त्यापुढें तीन वर्षें बाहेरची सक्तमजुरी, व मग पांच वर्षें अल्पशा मोबदल्यावर मजुरी. अशीं दहा वर्षें निभावलीं कीं त्याला 'तिकीट' मिळे. मग त्यानें जमीन कसावी, गुरें पाळावीं, लग्न करावें, किंवा गांवाकडून बायकामुलांना बोलावून घ्यावें. वीस-पंचवीस वर्षांनीं सुटका. कागदावर ही व्यवस्था मोठी दयाळू दिसते. पण ज्याला पंचविशींत नेलें तो पन्नाशींत परतला, तर त्याच्यासाठीं गांवांत कोण उरलें असेल? शेताची वांटणी झालेली, आईबाप गेलेले, आणि समुद्र ओलांडला म्हणून पंगतींत घ्यावें कीं न घ्यावें हा खल चाललेला! सरकारची शिक्षा संपे तेथें समाजाची सुरू होई.

महाराष्ट्राला या वाटेनें गेलेलीं कांहीं थोर नांवें ठाऊक आहेत. वासुदेव बळवंत फडके यांना १८८० त एडनला धाडलें, व १७ फेब्रुवारी १८८३ ला तेथेंच त्यांचा देह पडला. १९११ त अंदमानास पोंचलेल्या विनायकराव सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचें साल १९६० असें कोरलें होतें. दिवसाला ३० पौंड तेल गाळावयाचा तो कोलू, आणि त्याच तुरुंगांत थोरले बंधु असूनहि त्यांच्या भेटीला पडलेली आडकाठी, हें सर्व त्यांनीं पुढें लिहून ठेविलें, म्हणून आपणांस कळलें. १९२१ त दोघेहि बंधु हिंदुस्थानांत परत आणले गेले.

परंतु ज्यांना लिहितां येत नव्हतें, त्यांचें काय? बांधाच्या तंट्यांत कुऱ्हाड चालविलेला कुणबी, दुष्काळांत दरोड्याला निघालेला रामोशी यांच्यासारख्यांचा वृत्तांत कोणीं लिहिला? त्यांत खुनीहि होते, क्रूरहि होते. त्यांना हुतात्मे ठरविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. अपराध्याला दंड हवाच. पण दंड एकाला आणि वियोग साऱ्या घराला, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. शिवाय अपराध्याच्या घामानें वसाहती वसवून घेणारें राज्य त्या शिक्षेंतून आपलाहि लाभ पाहात होतें, हें विसरून चालणार नाहीं.

ऑस्ट्रेलियांत आज कैद्यांचे वंशज आपल्या पूर्वजांचीं नांवें अभिमानानें शोधून काढतात. अंदमानांतहि कैद्यांच्या वंशजांचा समाज नांदत आहे. १९४५ त ती कैदी-वसाहत मोडली, आणि १९५५ च्या दुरुस्तीनें आमच्या दंडसंहितेंतून हद्दपारी जाऊन तिच्या जागीं आजन्म कारावास आला. कायद्यांतून तो शब्द गेला. आमच्या बोलींत मात्र राहिला आहे. राहो बापडा! तो उच्चारतांना थोर नांवांच्या मागें उभे असलेले ते अनाम लोक, आणि वर्धेकांठच्या एखाद्या ओसरीवर त्यांची वाट पाहून थकलेलें माणूस, यांची आठवण व्हावी, एवढेंच आमचें मागणें आहे.