निकालाचा कागद कोणाचा?

वकील आज 'याला नजीर आहे' म्हणतो, तेव्हा तो कुणा तिऱ्हाइताच्या भांडणाचा निकाल पुढे करत असतो. तो आपल्याला का लागू व्हावा, असे आता कुणी विचारत नाही. पण आपल्याकडे ही कल्पना तशी अलीकडची. स्मृतिकारांनी प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले. त्यांतला एक 'प्राङ्न्याय', म्हणजे हा वाद पूर्वीच चालला आणि वादी त्यात हरला, असे उत्तर. मागचा निकाल इथे आहे, पण त्याच दोन पक्षांपुरता. आपण मराठेशाहीत येऊन पाहिले तरी चित्र फारसे पालटत नाही. पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे आला की दोन्हीकडून निवाडा मानण्याचे राजीनामे आणि जामीन घेत, तकरिरा लिहून घेत, साक्षी होत. पुरावा थिटा पडला तर क्वचित दिव्यही. अखेर हरलेला यजितखत लिहून देई: आपण खोटे झालो, वतनाशी आपला संबंध नाही. निवाडपत्र जिंकणाऱ्याच्या घरी जाई आणि 'लेकराचे लेकरी' जपले जाई. शेजारच्या गावच्या पाटलाला मात्र त्या कागदाचा काडीचा उपयोग नसे.

हा कागद घरातल्या पेटीतून सार्वजनिक फळीवर आला तो इंग्रजी अमलात. 14 ऑगस्ट 1862 रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले आणि 1876 पासून निकाल सरकारी मालिकेत रीतसर छापले जाऊ लागले. छापील निकाल कुणाच्या हाती शस्त्र होतो, हे रखमाबाईंच्या खटल्यात दिसते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, सासरी कधीच न नांदलेल्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी 1884 मध्ये नांदायला येण्यासाठी दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. कधी न नांदलेल्या स्त्रीला बळेच सासरी धाडण्याला त्यांना आधार दिसेना. पण बंगालमधल्या एका मुसलमान दांपत्याच्या वादात असे दावे चालतात, हे प्रिव्ही कौन्सिलने 1867 मध्येच ठरवले होते. 1886 मध्ये अपिलात पिन्हींचा निकाल फिरला. 1887 मध्ये हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. माझ्या मते माणुसकी पिन्हींकडे होती, दाखला नव्हता. दोन हजार रुपयांवर 1888 मध्ये तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

1935 च्या कायद्याने फेडरल कोर्टाचे व प्रिव्ही कौन्सिलचे निर्णय बंधनकारक केले; संविधानाच्या 141 व्या अनुच्छेदाने तो मान सर्वोच्च न्यायालयाला दिला. 1955 मध्ये त्याच न्यायालयाने आपण स्वतःच्या निकालांना जखडलेलो नाही, हेही सांगून ठेवले.

आता आपण मंत्रालयात येऊ. टिपणी वर जाते आणि पहिला प्रश्न येतो, 'पूर्वी असे केले आहे का?' नसेल आणि मन तर द्रवले असेल, तर आदेशात ओळ पडते: ही विशेष बाब, पूर्वोदाहरण समजू नये. निवाडपत्र पुन्हा एका घरापुरते झाले म्हणायचे. पुढचा अर्जदार नेमकी त्याच आदेशाची प्रत अर्जाला जोडून येतो.